लॉर्न पेल्कोनेनची फळी

माणसं सुट्टीत सुख शोधायला जातात असं ऐकून आहे. आमच्याकडे येतात ती कशाला येतात, हे बेचाळीस वर्षं त्यांचा स्वयंपाक करूनही मला कळलेलं नाही. विनिपेगहून निघायचं, सात तास गाडी हाकायची, शेवटच्या कच्च्या रस्त्यावर हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि एवढं करून पोचायचं कुठे, तर किटली सरोवराच्या काठी लॉर्न पेल्कोनेनच्या लॉजवर. ओंडक्यांच्या सहा खोल्या, छपरात खारी, गादीत खड्डा. संडास साठ पावलांवर, तोही झाडीत. जूनमध्ये त्या साठ पावलांत काळ्या माश्या माणसाला असं फोडून काढतात की परत आलेला आपलाच नवरा आहे, हे बायकोला आवाजावरून ओळखावं लागतं.

आणि याचे पैसे मोजून वर लॉर्नची बोलणी खायची. ती मात्र फुकट.

"गरम पाणी नाही?" एखादा बिचारा विचारतो.

"सॉना तापवलाय की. जाऊन बस आत. पाणी काय, तू स्वतःच गरम होशील."

"गादीत खड्डा आहे हो."

"त्या खड्ड्यात एक न्यायाधीश आठवडाभर घोरत होता. त्यानं काही निकाल दिला नाही, तू कोण लागून गेलास?"

"इथे नेट मिळतं का?"

"आहे ना, समोर. बारा किलोमीटर लांब, नव्वद फूट खोल. जे पकडायचं ते त्यातच पकड."

हसतात! शहरात हॉटेलवाल्यानं असं एक वाक्य टाकलं तर हेच लोक मॅनेजरला बोलवतील. इथे हसतात, आणि पुढल्या वर्षी पुन्हा येतात.

लॉर्न माझ्या थोरल्या बहिणीचा, हिल्काचा नवरा. मी सायमा. चौऱ्याहत्तर साली दोघांनी हे लॉज घेतलं, तेव्हा बहिणीला मदत म्हणून एका उन्हाळ्यापुरती आले होते. एकोणीस वर्षांची होते. तो उन्हाळा काही संपायचं नाव घेत नाही.

लॉर्नला बऱ्याच गोष्टी येतात असं त्याला वाटतं. त्यानं बांधलेला धक्का डावीकडे कललाय, त्यानं बसवलेलं दार पावसात उघडत नाही आणि उन्हात मिटत नाही. पण स्वतः केलेली वस्तू तपासून बघायची म्हणजे आपल्याच बापाच्या नावावर शंका घ्यायची, असा त्याचा बाणा. त्याच बाण्यानं त्यानं पहिल्या वसंतात फळी केली.

फळी म्हणजे मासा मोजायची. देवदाराची, पाच फूट लांब, एका टोकाला ठोकळा. माशाचं तोंड ठोकळ्याला टेकवायचं, शेपूट जिथे पोचेल तो आकडा. लॉर्ननं तापलेल्या सळईनं इंचाइंचाच्या रेघा उमटवल्या, पण दहापासून पुढे. "दहा इंचाच्या आतला मासा मोजायला मला सवड नाही," म्हणाला. झालं! ठोकळ्यापासून दहापर्यंत लाकूड कोरं राहिलं.

त्या फळीवर आमचं सगळं लॉज उभं आहे. मोठा पाइक मासा लागला की होडीवाला लांबूनच तीनदा भोंगा वाजवतो. जो असेल तो धक्क्यावर धावतो. लॉर्न गुडघे टेकून फळी ओली करतो, मासा ठेवतो, आकडा ओरडतो, आणि मासा लगेच परत पाण्यात. चाळीस इंच भरला तर रात्रीच्या जेवणाआधी जेवणघराच्या भिंतीवर नावाची पाटी, आणि डोक्यावर लाल टोपी. ती टोपी काय दिसते म्हणता! बुजगावण्याला घातली तर तेही काढून टाकील. पण बँकेतले साहेब, सर्जन, एक बिशप, सगळे ती घालून लहान मुलासारखे फोटो काढून घेतात. कुणी आपली टेप काढली की लॉर्न म्हणणार, "खिशात ठेव ती. इथे फळी चालते. फळी खोटं बोलत नाही."

भिंतीवर पहिली लागलेली पाटी खुद्द लॉर्नची. चाळीस इंच, मे चौऱ्याहत्तर. दर शनिवारी नवी मंडळी आली की तो त्या माशाची गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी ती पाच मिनिटांची होती. आता मधे सूप गरम करून आणावं लागतं.

आणि सगळ्यात वर हिल्काची पाटी. सत्तेचाळीस इंच, सप्टेंबर एक्याऐंशी. पाहुणे गेलेले, लॉर्न गावात गॅसच्या टाक्या आणायला गेलेला. हिल्का धक्क्यावर कढया घासत होती आणि शेजारी गळ टाकून ठेवला होता. तो मासा आम्ही दोघींनी कसा वर ओढला ते देवाला माहीत. त्या वेळी सोडून देण्याची पद्धत नव्हती, आम्ही तो खाल्ला. पस्तीस वर्षांत ती पाटी कुणाला हलवता आली नाही. तीन-तीन हजारांचे गळ घेऊन येणारे पुरुष वर बघायचे, आणि त्यांना तिथे कढया घासणाऱ्या बाईचं नाव दिसायचं. मला त्याचं केवढं सुख होतं म्हणून सांगू!

चार वर्षांपूर्वी हिल्का गेली. लॉर्न रडला वगैरे काही नाही, निदान आमच्यासमोर. फक्त तेव्हापासून रोज संध्याकाळी जेवण वाढायच्या आधी भिंतीपाशी जातो, तिच्या पाटीवरची धूळ बाहीनं पुसतो आणि म्हणतो, "आहेस अजून वरच." घरात तिची दुसरी कसली आठवण त्यानं मांडून ठेवली नाही. तो रोज बोलतो ते त्या पाटीशी. ती पाटी खाली आली तर या माणसाचं काय होईल, असा विचार माझ्या मनात यायचा आणि मी तो झटकून टाकायचे.

कारण फळीबद्दल मला एक गोष्ट ठाऊक होती. पहिल्याच वर्षी हिल्कानं हातोडी घेऊन तो ठोकळा उपटला आणि दोन इंच आत सरकवून ठोकला. खिळ्यांची जुनी भोकं झाडाच्या चिकानं बुजवली. पुढल्या रेघा जिथल्या तिथे. म्हणजे त्या दिवसापासून फळीवर ठेवलेला प्रत्येक मासा दोन इंच जास्त भरत आला. कळणार कसं? कोऱ्या भागावर माशाचं डोकं असतं, आणि मासे पकडणारा माणूस शेपटीकडे बघतो.

"अगं, हे काय?" मी विचारलं होतं.

"दोन इंचांनी कुणाचं काय जातंय? माणूस हसत घरी जाईल. कुणाला सांगशील तर याद राख."

नाही सांगितलं. तिचा स्वतःचा मासा मात्र तिनं त्या फळीवर ठेवलाच नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शिवणाच्या टेपनं मोजला. शेपूट मी धरलं होतं.

तर यंदाच्या जूनमध्ये वेंडेल ओक आला. विनिपेगचा औषधवाला. आयुष्यभर गोळ्या मोजून मोजून त्याला मोजायचा रोगच जडलेला. पहिल्याच सकाळी मला म्हणाला, "बाई, संडास साठ पावलांवर नाही. त्रेसष्ट."

लॉर्ननं ऐकलं. "तुझे पाय आखूड आहेत त्याला मी काय करू?"

वेंडेलजवळ पोलादी टेप होती, तपासून शिक्का मारलेली. लॉर्ननं ती बघितली मात्र, चार दिवस त्याला करमणुकीची ददात पडली नाही. "अरे, याच्या बटाट्याची लांबी घ्या आधी, नाहीतर जेवायचा नाही." "वेंडेल, डास किती इंचाचा चावला?" बिचारा हसून घ्यायचा. चार दिवसांत त्याला बोटभर पिकरेल माशांपलीकडे काही लागलं नव्हतं. त्याच आठवड्यात आलेली नेल्स ब्रेकेची टोळी त्याला सांभाळून घेत होती. नेल्स मिनेसोटाचा, ब्याऐंशीचा, तीस वर्षांपासूनचा आमचा पाहुणा. एकोणीस वर्षं खेपा घालून त्याला चाळिसाचा पाइक मिळाला, बरोब्बर चाळीस, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यावरची लाल टोपी फक्त सॉनामध्ये उतरते. बायकोच्या दफनाला तो ती घालून गेला होता. तिनंच तसं सांगून ठेवलं होतं म्हणे.

पाचव्या दिवशी दुपारी मी पुल्ला पावाची कणीक मळत होते. भोंगा वाजला. एक, दोन, तीन. पिठाच्या हातांनी धक्क्यावर पळाले. होडीत वेंडेल, पांढराफटक, आणि होडीच्या कडेला जाळ्यात जे होतं ते बघून मला आधी हिल्काची पाटी आठवली.

लॉर्न गुडघे टेकून बसला. मासा ठेवला, तोंड ठोकळ्याला, शेपूट सरळ. तो शेपटीवर असा वाकला होता की आकडा त्याच्याखेरीज कुणालाच दिसत नव्हता. शेहेचाळीस म्हणाला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. ओठ एकदा हलले, पुन्हा मिटले.

"अठ्ठेचाळीस," लॉर्न म्हणाला.

टाळ्या नाहीत, काही नाही. नेल्सनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. लॉर्ननं मासा पाण्यात धरला, शेपटी हलवत राहिला, आणि शेपटीचा फटकारा मारून तो गेला. मी गप्प. हिल्काला शब्द दिला होता. पण खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा राग आला. मेली स्वतः निघून गेली आणि हे लचांड माझ्या गळ्यात टाकून गेली.

लॉर्न मागच्या ओसरीवर नवी पाटी करायला बसला. जळक्या लाकडाचा वास स्वयंपाकघरात येत होता. तेवढ्यात वेंडेल आला, टेप हातात.

"बाई, हे मला पचत नाही. होडीत असतानाच मी मोजला होता. शेहेचाळीस. त्या बाईंचा माझ्याहून मोठा आहे. मी त्यांच्यावर कसा चढू?"

सळईचा आवाज थांबला. लॉर्न दारात उभा.

"काय म्हणालास?"

"शेहेचाळीस. माफ करा, पण शेहेचाळीसच."

लॉर्ननं हात पुढे केला. "दे ती टेप."

बेचाळीस वर्षांत कुणाची टेप त्यानं हातात घेतली नव्हती. तो होडीघराकडे निघाला, मी मागे. फळी खाली घेऊन त्यानं टेपचा दहाचा आकडा फळीच्या दहावर धरला आणि पट्टी ठोकळ्याकडे नेली. ठोकळा आला, पण टेपवर अजून दोन इंच उरले होते. पुन्हा मोजलं. मग ठोकळ्यामागच्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिला, आणि चिकाचे दोन खडे त्याच्या नखाला लागले.

"सायमा. हे कुणी केलं?"

"मी नाही."

"ते मला ठाऊक आहे. तुला खिळा सरळ ठोकता येत नाही."

सांगून टाकलं. सगळं. ठोकळा, चीक, शिवणाची टेप, टेबल. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा खुलत गेला.

"म्हणजे तिचा सत्तेचाळीस खरा?"

"खणखणीत."

"मग ती वरच आहे! कुणीच हलवली नाही तिला!" आणि हा बहात्तर वर्षांचा माणूस हातोडी घेऊन जेवणघराकडे चक्क धावत निघाला. मीही धावले. मलाही तेच हवं होतं. चांगलं सगळ्यांसमोर सांगू दे, म्हटलं, कोण किती पाण्यात होतं ते. साहेबाचे, बिशपाचे दोन-दोन इंच उतरू देत भिंतीवरून.

पायऱ्यांवर तो थबकला. जाळीच्या दारातून आतलं दिसत होतं. नेल्स वेंडेलला आपल्या चाळिसाची गोष्ट सांगत होता. हात पसरून लांबी दाखवत होता. "बरोब्बर चाळीस," तो म्हणाला, "केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. लॉर्न ओरडला आणि मी रडलो रे."

भिंतीवर त्रेपन्न पाट्या होत्या. हिल्काची एक सोडली तर सगळ्या फळीवरच्या.

"जा ना," मी म्हटलं. "सांग. थांबलास का?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "सायमा, ठोकळा तिनं सरकवला कधी?"

हे मला नको होतं. "मे महिन्यात."

"मेमध्ये पाहुणे नव्हते. पहिले पाहुणे जूनमध्ये आले."

"हो."

"मग कुणासाठी सरकवला?"

कणकेचे हात पुसत बसले.

"माझा किती होता गं?"

"चाळिसाचा मासा मिळेपर्यंत धड जेवणार नाही म्हणून तू हटून बसला होतास. अकरा दिवस झाले होते. कर्ज काढून लॉज घेतलंय आणि मालकालाच मासा मिळत नाही म्हणून तोंड फुगवून बसायचास. ती कंटाळली, लॉर्न."

"किती, ते सांग."

"साडेसदतीस. दोन तिनं दिले. अर्धा तू शेपूट चिमटून ओढून घेतलास."

लॉर्न पायरीवर बसला. हातोडी मांडीवर.

"म्हणजे ती गोष्ट दर शनिवारी सांगताना ती समोर बसायची..."

"बसायची."

"कधी हसली नाही."

"तुझ्यासमोर नाही. गोष्ट संपली की स्वयंपाकघरात यायची आणि मोरीला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची. म्हणायची, बघ, यंदा आणखी दोन फूट वाढवलाय."

मला वाटलं आता भडकेल. आरडाओरडा करील, फळी चुलीत घालील. तो बसून राहिला. काळ्या माश्या कानामागे चावत होत्या, त्याही त्यानं हाकलल्या नाहीत. मग उठला, ओसरीवरची वेंडेलची पाटी पुरी केली आणि आत गेला.

भिंतीपाशी जाऊन त्यानं हिल्काची पाटी काढली. बाहीनं पुसली. एक खिळा खाली लावली. वर वेंडेलची ठोकली. मोजून चार ठोके, आणि चौथा त्याच्या स्वतःच्या अंगठ्यावर.

वेंडेल उभा राहिला. "पण लॉर्न, माझी टेप तर..."

"तुझी टेप गोळ्या मोजायला झकास आहे," लॉर्न ती त्याच्या हातात देत म्हणाला. "इथे फळी चालते. बस खाली, सूप निवतंय."

वेंडेलनं माझ्याकडे बघितलं. मग नेल्सकडे बघितलं, त्याच्या टोपीकडे. तो औषधवाला होता, मूर्ख नव्हता. टेप खिशात ठेवून खाली बसला. लॉर्ननं त्याच्या डोक्यावर लाल टोपी चढवली, ती थेट कानांवर आली, आणि नेल्सच्या टोळीनं टेबलं बडवून घर डोक्यावर घेतलं. मी मात्र सूप आपटतच वाढलं. माझी बहीण दुसऱ्या नंबरवर! तीही कुणाच्या मागे, तर डास मोजणाऱ्याच्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे लोक उगाच म्हणत नाहीत. आता भोंगा वाजला की लॉर्न पूर्वीसारखाच गुडघे टेकतो, फळी ओली करतो. फक्त मासा ठेवला की डावा हात त्याच्या डोक्यावर आडवा पसरतो, ठोकळ्यापासून चांगला चार बोटं, कुणाला काही दिसू नये असा. कुणी टेप काढली की ऐकवतो, "फळी खोटं बोलत नाही." आवाज तोच, तोरा तोच.

आणि शनिवारी गोष्टही सांगतो. मला वाटलं होतं आता तरी बंद करील. कसलं काय! मासा आणखी दोन फूट वाढलाय, आणि आता वादळही आलंय त्यात. नवे लोक तोंडाचा आ करून ऐकतात. गोष्ट संपली की लॉर्न उठतो, आत स्वयंपाकघरात येतो, मोरीला टेकून उभा राहतो आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतो. मग ते पाणी काही केल्या थांबत नाही. मी पाठ करून भांडी घासत राहते.